किती अंशांवर, किती वेळ?

बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रयोगवहीत 'परीक्षानळी सामान्य तापमानाला ठेवा' असे वाक्य हमखास येते. समशीतोष्ण गावात ते खपून जाते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यात जानेवारीच्या पहाटे पाण्यात हात घालवत नाही आणि मे महिन्यात पारा ४५-४६ च्या पुढे जाणे नवलाचे नाही. नवतप्यात कूलर बंद पडला की प्रयोगशाळेची खोलीच चाळीस अंश ओलांडते. म्हणजे वरोरा, भद्रावती, चिमूर, नागभीडकडच्या माणसाला 'सामान्य तापमान' नावाची सोय उपलब्धच नाही. ज्या कामात विकरे, म्हणजे एन्झाइम, गुंतलेली असतात ते काम इथे ऋतू बघूनच करावे लागते. अशी कामे पुष्कळ आहेत. दही लावणे, सोयाबीन दळणे, कोंडा साठवणे, युरिया टाकणे आणि घरी साखर तपासणेसुद्धा त्यातच येते.

विकरे ही बहुतेक प्रथिनेच असतात. रासायनिक क्रिया एरवीही होते, पण फार सावकाश. विकर ती हजारो-लाखो पटींनी लवकर घडवून आणते आणि स्वतः खर्ची पडत नाही. १८३३ मध्ये पायेन आणि पेर्सो या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी मोड आलेल्या जवातून स्टार्चची साखर करणारा पदार्थ वेगळा काढला. विकर हाती लागल्याची ही पहिली नोंद. त्या पदार्थाचा गुण उष्णतेने जातो, हे तेव्हाच लक्षात आले होते.

तापमानाचे पाठ्यपुस्तकी चित्र सोपे आहे. तापमान वाढते तसा वेग वाढतो, एका बिंदूला कमाल होतो आणि मग धाडकन खाली येतो. हा डोंगरासारखा आलेख सगळ्यांना पाठ असतो. त्यात चूक नाही, पण तो एक गोष्ट दडवतो. उष्णता एकाच वेळी दोन कामे करत असते. पहिले काम वेग वाढवण्याचे. रेणू जोरात हलतात, एकमेकांवर जास्त वेळा आणि जास्त ताकदीने आदळतात आणि क्रियेला लागणारा उंबरठा जास्त रेणू ओलांडतात. स्वीडनच्या अऱ्हेनियसने १८८९ मध्ये हा हिशेब मांडला. ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणजे दहा अंशांवर चालणारे काम चाळीसवर साधारण आठपट वेगाने होईल. दुसरे काम मोडतोडीचे. प्रथिनाचा लांब धागा विशिष्ट घडीत दुमडलेला असतो आणि त्या घडीतच विकराचे बळ असते. उष्णतेने घडी उलगडली की विकर संपले. ते पुन्हा थंड केले तरी बहुधा घडी परत बसत नाही.

कापूस वेचायला वीस बाया आल्या आहेत, ऊन चढते तसा प्रत्येकीचा हात आणखी भरभर चालतो आहे, पण दर थोड्या वेळाने एकेक जण घरी जाते आहे, अशी कल्पना करा. पहिल्या अर्ध्या तासाचा कापूस मोजला तर आकडा झकास येईल. दिवसभराचा मोजला तर हिरमोड होईल. विकरांचेही असेच असते. म्हणून 'अमुक विकराचे इष्टतम तापमान किती?' या प्रश्नाला गाइडमध्ये छापलेला एकच आकडा हे अर्धे उत्तर आहे. दोन मिनिटांचे काम करून घ्यायचे असेल तर जास्त तापमान चालते. तेच काम आठ तास चालवायचे असेल तर खाली यावे लागते. प्रश्न नेहमी जोडीने विचारावा : किती अंशांवर, आणि किती वेळ?

दुग्धव्यवसायात ही जोडी नियमातच बसवलेली आहे. दूध पाश्चरायझ करायचे तर ६३ अंशांवर ३० मिनिटे, नाहीतर ७२ अंशांवर १५ सेकंद. नऊ अंश वाढले आणि अर्ध्या तासाची पंधरा सेकंदे झाली! दूध नीट तापले की नाही हे ओळखायलाही एका विकराचीच साक्ष काढतात. कच्च्या दुधात फॉस्फटेज असते. क्षयाचे जंतू मरायला जेवढी उष्णता लागते त्याहून किंचित जास्त उष्णतेने ते निकामी होते. चाचणीत फॉस्फटेज जिवंत सापडले तर दूध पुरते तापलेले नाही किंवा त्यात मागाहून कच्चे मिसळले आहे.

प्रत्येक विकराची सहनशक्ती त्याच्या मूळ घरावर अवलंबून असते. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या ऊन पाण्याच्या झऱ्यातून थॉमस ब्रॉक यांनी १९६९ मध्ये वर्णन केलेल्या जिवाणूचे विकर ९५ अंशांचे चटके पुन्हा पुन्हा सोसते आणि ७२ अंशांवर जोमाने काम करते. कोरोनाच्या आरटीपीसीआर चाचणीला त्याच जातकुळीची विकरे लागत होती. दुसऱ्या टोकाचे उदाहरण तर वरोऱ्याच्या वेशीवरच आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवन उभे राहिले. ज्या कुष्ठरोगासाठी ते उभे राहिले त्याचा जिवाणू सदतीस अंशांत फुलत नाही. त्याला २७ ते ३३ अंशांचा गारवा मानवतो. म्हणून तो शरीराच्या थंड भागांत, म्हणजे हात, पाय, नाक, कानाच्या पाळ्या आणि कातडीलगतच्या मज्जातंतूंत वाढतो. प्रयोगशाळेतही तो उंदराच्या पंजात वाढवावा लागला, कारण उंदराच्या शरीरातली गार जागा तीच. कुष्ठाच्या खुणा हातापायांवर का दिसतात, याच्या उत्तरात तापमानाचा मोठा वाटा आहे.

आता प्रयोगाकडे येऊ. लाळेतल्या अमायलेजवर तापमानाचा परिणाम बघणे हा अकरावी-बारावीचा ठरलेला प्रयोग आहे. तो बहुतेक ठिकाणी तीन नळ्यांत उरकला जातो : बर्फात, सदतीसला आणि उकळत्या पाण्यात. त्याऐवजी जरा मन लावून करा. एक ग्रॅम आरारूट थोड्या गार पाण्यात कालवून शंभर मिलिलीटर उकळत्या पाण्यात सोडा, ढवळा आणि निवू द्या. चिमूटभर मीठ टाका, कारण क्लोराइड मिळाले की अमायलेज खुलते. हे द्रावण त्या दिवसापुरतेच. मे महिन्यात रात्रभर ठेवले तर सकाळी त्याला वास येतो. लाळ घेण्याआधी खळखळून चूळ भरा, गरम चहा पिऊन लगेच बसू नका. खर्रा खाणाऱ्याची लाळ या प्रयोगाला चालत नाही, कारण त्यातला चुना सगळे बिघडवतो. (खर्रा त्यालाही चालत नाही, पण तो विषय वेगळा.) प्रत्येकाने स्वतःचीच लाळ वापरावी आणि भांडी स्वतःच उकळून धुवावीत.

लाळ दहापट पाणी घालून पातळ करा आणि आधी फक्त सदतीस अंशांवर एक चाचणी घ्या. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर आयोडीनचे थेंब ओळीने मांडून ठेवायचे. मिश्रणातला एक थेंब दर मिनिटाला एकेका आयोडीनच्या थेंबात टाकायचा. आधी निळाजांभळा, मग तांबूस आणि शेवटी नुसता आयोडीनचा पिवळा रंग दिसला की स्टार्च संपला. हे एका मिनिटातच झाले तर लाळ फार दाट आहे, आणखी पातळ करा. पंधरा मिनिटे झाली तरी निळे हटत नसेल तर कमी पातळ करा. सदतीसला चार ते सहा मिनिटे लागतील असे प्रमाण जमले की ते पक्के करा आणि बाकीच्या सगळ्या तापमानांना तेच वापरा. ही पूर्वतयारी कोणी सांगत नाही आणि निम्मे प्रयोग इथेच फसतात.

थर्मोस्टॅट नसला तरी अडत नाही. जाड बुडाचे पातेले आणि थर्मामीटर पुरतो. एक तांब्या उकळते पाणी आणि पाच तांबे माठातले पंचवीसेक अंशांचे पाणी मिसळले की सदतीसच्या आसपास येते. जानेवारीत नळाचे पाणी वीस अंशांचे असेल तर एकास चार घ्या. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी वापरूच नका. दुपारी तेच चाळिशीच्या वर असते. स्टार्च आणि लाळ वेगवेगळ्या नळ्यांत त्याच पाण्यात सात-आठ मिनिटे ठेवून मगच एकत्र करा. आधी मिसळून मग नळी गरम केली तर तुम्ही साठ अंशांचा वेग मोजत नसता, तीसपासून साठपर्यंतच्या प्रवासाची सरमिसळ मोजत असता.

एक सापळा तर हुशार मुलांनाही गाठतो. स्टार्च आणि आयोडीनचा निळा रंग गरमागरम द्रावणात टिकत नाही. सत्तर-ऐंशी अंशांच्या नळीत आयोडीन थेट ओतले की रंग दिसत नाही. मग पोरगा वहीत लिहितो, 'स्टार्चचे पूर्ण पचन झाले.' प्रत्यक्षात तिथले विकर मेलेले आणि स्टार्च जिथल्या तिथे असतो. नळी गार होऊ द्या, निळा रंग परत येईल. म्हणून आयोडीन नळीत कधीही ओतायचे नाही. थेंब फरशीवर टाकायचा, क्षणभर निवू द्यायचा आणि मग रंग वाचायचा.

बर्फातली आणि उकळलेली, या दोन्ही नळ्यांत शेवटपर्यंत निळाच रंग दिसतो. आता दोन्ही सदतीसच्या पाण्यात आणा. बर्फातली जागी होते आणि काही मिनिटांत निळेपणा जातो. उकळलेली तशीच निळी राहते. थंडीने विकर मंदावते, उकळण्याने संपते. हा फरक तोंडी परीक्षेत हमखास विचारतात, पण तो डोळ्यांनी बघितलेला असला तर उत्तर पाठ करावे लागत नाही. वेळ उरला तर आणखी एक करा. नुसती पातळ केलेली लाळ साठ अंशांच्या पाण्यात ठेवा. तिच्यातला भाग दोन मिनिटांनी, दहा मिनिटांनी आणि वीस मिनिटांनी काढून सदतीसला आणा आणि प्रत्येकाला स्टार्च संपवायला किती वेळ लागतो ते लिहा. तापमान एकच, ठेवलेला काळ वेगळा, म्हणून उत्तरे वेगळी येतात. आलेख काढताना उभ्या अक्षावर मिनिटे घेऊ नका, एक भागिले मिनिटे घ्या. वेग तो आहे.

स्वयंपाकघरात या ज्ञानाचा सगळ्यांत मोठा उपयोग सोयाबीनला आहे. आपल्या तालुक्यात सोयाबीन पिकते मुबलक, पण ते बाजार समितीत जाते. ताटात क्वचितच येते. कारण त्याचा तो हिरवट, कच्चट वास. या वासाला लायपॉक्सिजनेज हे विकर कारणीभूत आहे. अखंड दाण्यात ते आणि तेल वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा फुटून पाणी लागले की दोघे भेटतात आणि काही मिनिटांत वास तयार होतो. एकदा झालेला वास नंतर कितीही उकळले तरी पुरता जात नाही. म्हणून दाणा फोडण्याआधीच विकर मारायचे. भिजवून, गार पाण्यात वाटून, मग उकळणे हा क्रमच उलटा आहे.

पद्धत अशी. दाण्यांच्या निदान तिप्पट पाणी खळखळ उकळू द्या. त्यात निवडलेले अखंड सोयाबीन मूठमूठ टाका, उकळी मोडू देऊ नका. सगळे एकदम ओतले तर पाणी झटकन निवते आणि दाणे चाळीस ते साठ अंशांच्या पट्ट्यात घुटमळतात. विकराची चंगळ नेमकी याच पट्ट्यात असते. एकदा उकळी टिकली की पंचवीस ते तीस मिनिटे ठेवा. वासाचे विकर पहिल्या काही मिनिटांतच जाते. उरलेला वेळ ट्रिप्सिन-रोधकासाठी आहे. हे सोयाबीनमधले प्रथिन आपल्या आतड्यातल्या पाचक विकराला अडवते आणि त्याला मोडायला जास्त काळ ओली उष्णता लागते. मग निथळा आणि उन्हात खडखडीत वाळवा. वरोऱ्याच्या उन्हाला याबाबतीत तोड नाही. नऊ किलो गव्हाला एक किलो या प्रमाणात दळून आणा. पोळीला वास येत नाही आणि प्रथिने वाढतात. कच्चे सोयाबीन दळून पिठात मिसळू नका. नुसते भाजूनही खात्री होत नाही.

लहान मुलांच्या लापशीत मात्र विकर मारायचे नसते, त्याच्याकडून काम करून घ्यायचे असते. घट्ट लापशी मुलाला गिळवत नाही आणि पातळ केली तर वाटीत नुसते पाणीच राहते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर काम केले. गहू किंवा नाचणी बारा तास भिजवून, दीड-दोन दिवस मोड आणून, वाळवून, मोड चोळून काढायचे आणि दाणे हलके परतून दळायचे. या पिठात अमायलेज भरपूर असते. नेहमीपेक्षा घट्ट लापशी शिजवा, खाली उतरवा आणि वाफ येते आहे पण उकळी पूर्ण बसली आहे, अशा वेळी छोटा चमचाभर पीठ घालून ढवळत राहा. तापमान साठ-सत्तर अंशांच्या आसपास असावे. धान्याचे अमायलेज लाळेतल्यापेक्षा जास्त उष्णता सोसते, पण उकळी नाही. पाच-सात मिनिटांत चमच्यावरून लापशी ओघळू लागते. मग एकदा उकळी आणा, म्हणजे पिठातले जंतू मरतील, आणि कोमट झाली की भरवा. याला ज्वारी घेऊ नका. ज्वारीच्या कोवळ्या मोडात सायनाइड देणारे द्रव्य असते आणि घरी मोड पुरते काढले गेले की नाही याची खात्री नसते.

दह्याबद्दल थोडक्यात. विरजणातल्या जिवाणूंची विकरेच दूध आंबवतात. थंडीत दूध जरा जास्त कोमट घ्या, भांडे गुंडाळून ठेवा. मे महिन्यात दूध पार निवल्यावर विरजण कमी घाला आणि माठाशेजारी ठेवा. तीन-चार तासांत लागेल. लागले की फ्रीजमध्ये हलवा, नाहीतर दुपारपर्यंत आंबट ढाण होईल. सावजी मटणाला कच्ची पपई लावणाऱ्यांनीही एक लक्षात घ्यावे. पपईतले पपेन गार मटणात रेंगाळते आणि साठ-सत्तर अंशांना सपाटून चालते. म्हणून तासन् तास लावून ठेवण्याचा फायदा वाटतो तेवढा नसतो. मंद आचेवर हळूहळू तापवण्याचा होतो. आणि जंगलातला मध पातळ वाटला म्हणून उकळू नका. आंतरराष्ट्रीय मानकांत मधाचा कस बघताना त्यातल्या डायस्टेजचा आकडा बघतात आणि तो साधारणतः आठच्या खाली असू नये असे मानतात. तापवलेला मध विष होत नाही, पण त्याच्या चांगुलपणाचा पुरावा मात्र जातो. थिजला असेल तर बरणी हाताला सोसेल एवढ्या कोमट पाण्यात ठेवा.

पूर्वेकडे, मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीच्या धानपट्ट्यात, प्रश्न कोंड्याचा असतो. नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेले एचएमटी असो की धानाचे दुसरे कुठले वाण, सडताना निघणाऱ्या कोंड्यात पंधरा-वीस टक्के तेल असते आणि त्या तेलाला फोडणारे लायपेजही असते. अखंड दाण्यात ते वेगवेगळे राहतात, गिरणीत एकत्र येतात. तेव्हापासून घड्याळ सुरू होते. पावसाळी दमट उकाड्यात काही तासांतच आम्लता चढू लागते आणि दोन-चार दिवसांत खवट वास येतो. जनावरे तोंड लावत नाहीत, तेलाच्या कारखान्याला तो कोंडा नको असतो. ठेवायचाच असेल तर आणल्या दिवशीच चाळणीवर पातळ थर देऊन दहा-पंधरा मिनिटे वाफवा आणि लगेच पसरून वाळवा. नुसते उन्हात टाकणे पुरत नाही, कारण कोरडे विकर फार चिवट असते. पाणी असेल तरच घडी सहज उलगडते. उसन्या तांदळाचा कोंडा जास्त टिकतो, कारण धान वाफवतानाच लायपेज मेलेले असते.

कोरडेपणाचा हाच गुण बियाण्याच्या कामी येतो. घरचे सोयाबीन पुढच्या खरिपाला ठेवणाऱ्यांनी ओलावा बारा टक्क्यांच्या आत आणूनच पोती भरावीत. दाणा दाताखाली कटकन फुटावा, दबू नये. ओलावा एक टक्का कमी झाला किंवा साठवणीचे तापमान पाचेक अंशांनी उतरले की बियाण्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा बियाणेतज्ज्ञ हॅरिंग्टन यांचा ढोबळ नियम आहे. टिनाच्या छपराखाली मे महिना काढलेल्या ओलसर बियाण्याने जूनमध्ये दगा दिला तर दोष पावसाला देऊ नये. पेरणीआधी ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळून सत्तर तरी उगवतात का बघा.

घरी मधुमेही असेल तर हा भाग नीट वाचा. ग्लुकोमीटरच्या पट्टीवर विकरच लावलेले असते, बहुधा ग्लुकोज ऑक्सिडेज. डबीवर साधारण ४ ते ३० अंश असे लिहिलेले असते. वरोऱ्यात एप्रिल ते जून घरातला कोणताही कोपरा तीसच्या खाली सापडणे कठीण. ती डबी दुचाकीच्या डिक्कीत, खिडकीत, टीव्हीवर ठेवू नका. माठाजवळच्या सावलीतल्या कपाटात ठेवा. फ्रीजमध्येही नको, बाहेर काढताच तिच्यावर दव धरते. उन्हाळ्यात एकदम मोठ्या डब्या आणू नका. आकडा तब्येतीशी जुळत नसेल तर नव्या डबीतल्या पट्टीने पुन्हा तपासा आणि मगच गोळी किंवा इन्सुलिनबाबत डॉक्टरांशी बोला.

रक्त गावात घेऊन तपासणीला चंद्रपूर-नागपूरला पाठवतात तेव्हाही हाच प्रश्न येतो. रक्त नळीत गेले तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्यांची विकरे साखर खात राहतात. साध्या नळीत ताशी पाच ते सात टक्के साखर घटते, उन्हाळ्यात आणखी जास्त. म्हणून साखरेचा नमुना राखाडी टोपणाच्या नळीत घेतात. तिच्यातले फ्लोराइड त्या साखळीतल्या एका विकराला अडवते. पण त्यालाही पूर्ण ताबा घ्यायला तासाहून जास्त वेळ लागू शकतो, म्हणून नळी बर्फाच्या डब्यात जायला हवी. नळीचे टोपण कोणत्या रंगाचे आहे आणि नमुना गाडीत कशात जाणार, हे विचारायला संकोच करू नका.

'बाहेर सेहेचाळीस असताना आपल्या शरीरातली विकरे शिजत कशी नाहीत?' असे मुले विचारतात. घाम वाळत असतो तोवर आतले तापमान सदतीसच्या आसपासच राहते. आपली बहुतेक विकरे चाळीसलाही लगेच मोडत नाहीत. उष्माघातात बिघडते ते रक्ताभिसरण, मेंदू, आतडे, सगळेच एकदम. अंग तापलेले आणि माणूस बरळतो आहे, असे दिसले की सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. ओतायला सुरुवात आधी, फोन दुसऱ्याने करावा.

शेतात युरियेज नावाचे विकर सर्वत्र असते. मातीत, पालापाचोळ्यात आणि कच्च्या सोयाबीनमध्येही. ते युरियाचा अमोनिया करते. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये स्फटिक करून दाखवलेले पहिले विकर तेच. तापलेल्या काळ्या जमिनीवर पहिल्या पावसाची ओल असताना युरिया नुसता फेकला तर युरियेजला उष्णता आणि पाणी दोन्ही मिळते. काही दिवसांत मोठा वाटा हवेत उडतो. निंबोळीचा लेप मुख्यतः अमोनियाचे नायट्रेट होण्याचा वेग कमी करतो, उडणाऱ्या अमोनियाला फारसा रोखत नाही. म्हणून पऱ्हाटीला युरिया बोटभर खोल, ओळीच्या बाजूला द्या आणि मातीने झाका. फेकूनच द्यायचा असेल तर डवरणीच्या लगेच आधी किंवा दमदार पाऊस येण्याच्या तोंडावर द्या.

हेच विकर तणसाच्या कामाला लावता येते. शंभर किलो धानाच्या तणसाला चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडा, तुडवून दाबा आणि प्लास्टिकने हवाबंद झाका. उन्हाळ्यात एकवीस दिवस पुरतात. डिसेंबर-जानेवारीत युरियेज मंदावते, तेव्हा आणखी आठवडाभर थांबा. तणस पिवळसर तपकिरी आणि मऊ झाले की तयार झाले. लागेल तेवढेच काढा, तासभर मोकळ्या हवेत पसरून ठेवा, डोळ्यांना झोंबणारा वास गेला की घाला आणि पहिले आठ-दहा दिवस थोडे थोडेच घाला. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना, घोड्याला, डुकराला हे चालत नाही. युरिया प्रक्रिया केलेले तणस खाणाऱ्या जनावराला त्याच काळात कच्चे सोयाबीन किंवा त्याचा चुरा घालू नका. सोयाबीनमधले युरियेज पोटात उरल्यासुरल्या युरियाचा अमोनिया झपाट्याने सोडते आणि जनावर फुगून, थरथरत पडते. ढेप घालायची असेल तर तापवून तेल काढलेली, कारखान्याची घाला.